कारण नसलेली लाल ओळ

एकदा मी सॉफ्टवेअरमधून बैल उडवले. नात म्हणते, "आजी, तू इंजिनियर होतीस की कसाई?" दोन्ही नाही गं, नुसती दीडशहाणी होते.

पुण्याच्या कंपनीने मला आमच्याच तापीकाठी पाठवलं होतं. एका साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांना नंबर देणारी यंत्रणा बसवायची होती. कारखान्याची प्रत्येक मागणी कुणी केली, का केली, ती कुठल्या प्रोग्रॅमला जोडली, हा सगळा माग ठेवणारं एक सॉफ्टवेअर माझ्या हाती होतं. ज्या मागणीला कारण जोडलेलं नसे, ती ओळ लाल व्हायची. एक ओळ लाल दिसली: 'नंबर लागल्यावर थोडं थांबावं.' कशाला थांबायचं? आम्हा बाईसाहेबांनी ती पुसली आणि स्वतःवरच खूश होऊन चहा मागवला.

पहिल्याच दुपारी घोळ झाला. गाडीवान बैल सोडून, त्यांच्यापुढे उसाचं वाढं टाकून बसलेले. नंबर लागला की बैल जुंपायचे; तोवर नंबराच्या पाटीवर पुढचा नंबर येई आणि मागचा ट्रॅक्टर वजनकाट्यावर चढे. एक गाडीवालीण तरातरा माझ्याकडे आली. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेत तिची आई येणार होती, वर्षातून तेवढीच भेट. ऊस खाली झाल्याशिवाय तिला निघता येईना.

मी आपली पुस्तकी मराठीत, "सिस्टीमनुसार तुमचा क्रमांक गेला."

"तुन्ही सिस्टीमनी कधी बैल जुपात का?"

माझ्या माहेरी दावणीला चार बैल, आणि हे मला बाहेरच्या बाईने विचारावं! पाटी बंद करायला लावली. तिची गाडी चढेपर्यंत काट्यावर आडवी उभी राहिले, ट्रॅक्टरवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. मग ती ओळ परत घातली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: बैल जुंपायला वेळ लागतो. ओळीचा लाल रंग गेला.

रिकामी गाडी बाहेर आली तेव्हा उन्हं कलली होती. चुकलं माझं, असं काहीतरी मी पुटपुटले. तिने कासरा ओढला आणि सरकून जागा केली.

"ऱ्हाऊ दे वं ताई. बैठ गाडीवर. मन्ही माय वाट देखी ऱ्हायनी, तुले बी घोडा दखाडस."