आवाज बंद करून लावलेला धवला

भागीरथीबाईशिवाय कोलशेतच्या कोळीवाड्यात लग्न लागत नसे. भटजी यायचे, मंगलाष्टकं म्हणायचे आणि दक्षिणा घेऊन रिक्षाने नौपाड्याला परत जायचे. पण त्याआधी मांडवात जे काही चालायचं, ते सगळं हिच्या हातात. खरं तर हिच्या गळ्यात. ती धवलारीण होती. तेल चढवताना, हळद लावताना, उंबराची डहाळी मांडवात आणताना धवला, म्हणजे लग्नाच्या विधींचं गाणं, म्हणायचा आणि देवांना एकेक करून लग्नाला बोलवायचं, हे तिचं काम. या बोलावण्याला क्रम असतो. आधी गणपती, मग घरचा देव, मग गाव, मग खाडी, मग घरातली गेलेली माणसं, आणि पुढे आणखी कितीतरी. एक जरी राहिला तरी रुसतो. माणूस रुसला तर जेवणाच्या पंगतीत त्याची समजूत घालता येते, देवांचं तसं नसतं.

स्वभावाने बाई तिखट. ठाण्याच्या बाजारात मासळी घेऊन बसायची, तेव्हा फार घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला पाटी झाकून सांगायची, "बाय, तू आज भाजीच खा." मांडवात मात्र तिच्यापुढे कोणी आवाज चढवत नसे, नवऱ्यामुलाचा मामासुद्धा नाही.

तिची सून कलावती तिच्या मागे बसून धवला झेलायची. पुढची बाई ओळ टाकते, मागच्या ती उचलून पुन्हा म्हणतात, यालाच झेलणं म्हणायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून कलावती झेलत होती. एकूण एक ओळ तिच्या तोंडात बसली होती, पण कुठल्या ओळीनंतर कुठली, हे तिने कधी डोक्यात ठेवलं नाही. ठेवायची गरजच पडली नाही. आयेने टाकायची, हिने झेलायची. ती सासूला आयेच म्हणे. दोनचारदा ती म्हणाली होती, आये, मला बसवून शिकव. त्यावर म्हातारीचं ठरलेलं उत्तर होतं, "मांडव नाय तर धवला कसला गो?" बिनमांडवाचा धवला म्हणायचा नाही, आणि मांडवात एकदा उचललेला मध्येच सोडायचा नाही, हे दोन नियम तिने जन्मभर पाळले. त्यामुळे धवला ना कुठे लिहिलेला होता, ना टेपवर घेतलेला. सगळा ऐवज एका म्हातारीच्या डोक्यात, आणि तोही तिच्या तिखट स्वभावाच्या कुलपात.

आणि अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर तिच्यावरून वारं गेलं. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मेंदूत बोलण्याची जागा असते तिथेच मार बसलाय, आता फार आशा धरू नका. भरल्या बाजारात एका वाक्याने माणसाला गप्प करणारी बाई पाणी हवं असलं तर रिकामा पेला उचलून दाखवू लागली. कलावतीला ते बघवत नसे. ती पाणी द्यायची आणि तोंड फिरवायची.

त्यात वैशाखात कलावतीच्या लेकीचं, सुहासिनीचं लग्न ठरलेलं. गावातल्या सगळ्या पोरींना हळद लावली ती या घरच्या धवल्यावर, आणि आता याच घरची पोर धवल्याशिवाय बोहल्यावर चढणार होती. शेजाऱ्यांनी सल्ले दिले. सल्ल्याला काय, पैसे पडत नाहीत. कोणी म्हणालं, दुसऱ्या गावची धवलारीण आणा. पण तिच्या धवल्यात तिचे देव, तिची वेस, तिचा क्रम. कोलशेतच्या खाडीला तिच्यात जागा कुठली? कोणी म्हणालं, बाजारात लग्नाच्या गाण्यांची कॅसेट मिळते, ती लावा. त्या माणसाला कलावतीने चहासुद्धा विचारला नाही.

मेढ रोवली, मांडव उभा राहिला, तरी तोड निघेना. मग एकदा भाकऱ्या थापता थापता तिला कोपरचं लग्न आठवलं. कोपर तिचं माहेर. तिथे भाच्याच्या लग्नात आयेने अख्खा धवला म्हटला होता, कलावतीने झेलला होता, आणि समोर गोविंदा व्हिडिओवाला कॅमेरा घेऊन उभा होता. भावाने त्या कॅसेटची सीडीसुद्धा करून घेतली होती. पिठाच्या हातानेच तिने शेजारच्या जगनच्या घरून भावाला फोन लावला आणि विचारलं, त्यात आवाज नीट येतो का. भाऊ म्हणाला, "आवाज? एकदम झकास! गोविंदाचं काम आहे, बघायला नको."

सीडी आली. आता ती लावायची कशावर? जगन म्हणाला, आपला कॉम्प्युटर कशाला आहे? हा जगन एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. साहेबांनी टाकायला काढलेला कॉम्प्युटर त्याने घरी आणला होता आणि त्याला सीडीचा खण बसवून घेतला होता. सुरू व्हायला तो इतका वेळ घ्यायचा, की तोवर जगन अंघोळ उरकून यायचा. पण त्याची तारीफ ऐकावी ती जगनच्याच तोंडून. शिवाय त्याचं म्हणणं खरंही होतं. कॉम्प्युटरवर हवं तिथे थांबवता येतं, तीच ओळ पुन्हा पुन्हा ऐकता येते. शिकायला ते बरं.

कलावतीने एकच अट घातली. धवला ऐकायचा तो मांडवात, घरात नाही. जगन कुरकुरला. धूळ जाईल, उजेडात पडदा दिसणार नाही. पण काकीपुढे त्याचं काय चालणार? मांडवात टेबल आलं, खिडकीतून वायर आली, उजेड अडवायला मागे गोधडी टांगली. भागीरथीबाईची खाट ओट्यावर होती, तिला तिथून पडदा सरळ दिसत होता.

पहिल्यांदा जगनने कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच होता तो प्लेअर लावला. पडद्यावर आयेचा हात वर गेला आणि वरच राहिला. मग एकदम खालीच दिसला, मधलं काहीच नाही. आवाज म्हणाल तर सुकी मासळी पत्र्यावर ओतावी तशी खरखर. मधूनच वाजंत्रीसारखं काहीतरी ऐकू यायचं; कलावतीला वाटलं, बँड असेल. मग जगनने एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेला प्लेअर लावला. तो दिसायला नवऱ्यामुलासारखा नटलेला, चकचकीत बटणं, रंगीत पट्ट्या. त्याने तर कॉम्प्युटरच बंद पाडला.

"मशीन जुनं आहे, काकी," जगन कपाळ पुसत म्हणाला. "एवढा थाट झेपत नाही त्याला."

शेवटी त्याने डोंबिवलीच्या मित्राकडून फ्लॉपीवर आणलेला प्लेअर काढला. इवलासा, ना रंग ना रूप, पण त्यात आपल्याला हवं ते ठेवता यायचं आणि नको ते काढता यायचं. जगन म्हणाला, दोन्ही एकदम नीट मिळणार नाही. चित्र धरलं तर आवाज अडकणार, आवाज धरला तर चित्र अडकणार. काय धरू?

हा काय प्रश्न झाला? कलावती म्हणाली, आवाज धर. चित्र घेऊन काय करायचंय, सासू तर मागे ओट्यावरच होती.

जगनने काहीतरी दाबलं. चित्र थबकलं, खरखर थांबली आणि स्पीकरमधून आवाज आला, अगदी स्वच्छ, भाऊ म्हणाला तसा झकास. पडद्यावर भागीरथीबाई तोंड उघडून थिजली होती, आणि त्या उघड्या तोंडातून सिनेमातला एक हिरो आपल्या प्रेयसीला बागेत बोलावत होता.

कलावतीला आधी कळलंच नाही. वाटलं, सुरुवातीला घातलं असेल. जगनने सीडी पुढे नेली. तेल चढवताना दुसरं गाणं. हळदीला तिसरं. पुढे नेली, आणखी पुढे नेली. नवरीची आई रडत होती आणि वर ढोलकी वाजत होती. धवल्याची एक ओळ नाही, एक शब्द नाही. जगनकडे बघायचं सोडून कलावती पडद्याकडेच बघत राहिली, जणू अजून कुठेतरी फटीत तो आवाज सापडेल.

जगन चोरासारखा म्हणाला, "मिक्सिंग केलंय, काकी. सगळ्याच लग्नांत करतात. मूळ आवाज काढून गाणी टाकतात."

त्याने तेवढ्यात आपल्या घरी जाऊन गोविंदाला फोनही केला. मूळ टेप? ती कधीच पुसून दुसऱ्या लग्नाला वापरली. गोविंदाला यात काय चुकलं तेच समजेना. म्हणाला, "अहो, म्हातारीचं ते एकसुरी कोण ऐकणार? म्हणून चांगली गाणी टाकली. लोकांना आवडतात." जगनने ते जसंच्या तसं येऊन सांगितलं. सांगायला नको होतं, पण त्या घटकेला त्याचंही डोकं ठिकाणावर नव्हतं.

आणि लोकांना आवडत होतीच की. जगनच्या लग्नाची कॅसेट सगळ्या आळीने मिळून बघितली होती, गाण्यांवर माना डोलावल्या होत्या. कलावतीनेसुद्धा डोलावली होती. आपल्या तोंडावर दुसऱ्याचं गाणं चढवलंय, हे तेव्हा कोणाच्या मनातही आलं नाही. आता कोणाला बोल लावायचा?

स्पीकर चालूच होता. हिरो अजून बोलावत होता.

"बंद कर ते," ती म्हणाली. "नाय सहन होत."

जगनने प्लेअरमधला आवाजच काढून टाकला. आणि आवाजाचं ओझं उतरल्याबरोबर त्या जुन्या कॉम्प्युटरला बळ आलं. चित्र सुरळीत चालायला लागलं. हात वर गेला, सावकाश खाली आला. आयेच्या डोळ्यांची उघडझाप दिसायला लागली. तिचे ओठ हलले.

कलावतीने काही ठरवलं नव्हतं. तिने इतकी वर्षं ते ओठ हलताना बाजूने बघितले होते, आणि ते हलले की झेलायचं एवढंच तिला ठाऊक होतं. तिच्या तोंडून ओळ बाहेर पडली. पडद्यावरच्या मुक्या ओठांनी पुढची टाकली, हिने झेलली. गणपती झाला. घरचा देव झाला. आतून सुहासिनी हळदीची वाटी घेऊन बाहेर आली ती दारातच थबकली. तेव्हा कुठे कलावतीच्या लक्षात आलं, की आपण मांडवात आहोत आणि धवला उचलला गेलाय. आता सोडायची सोय नव्हती.

गाव झालं, खाडी झाली. आणि नेमका तिथे गोविंदाचा कॅमेरा फिरला. आयेला सोडून तो पाहुण्यांवर गेला, मिठाईच्या ताटांवर गेला आणि कोणाच्या तरी गळ्यातल्या हारावर जाऊन बसला तो हलेना. कलावतीने शेवटची ओळ पुन्हा म्हटली. आणखी एकदा म्हटली. पुढे काय? पुढे कोण? ओळी सगळ्या तोंडात होत्या, गर्दी करून उभ्या होत्या, आणि पहिली कुठली ते एकीलाही सांगता येत नव्हतं. तिचा आवाज बारीक झाला. आपल्या हातून मोडणार, लेकीच्या लग्नात मोडणार.

तेव्हा मागून ओळ आली.

घोगरी, तोंडाच्या एका कोपऱ्यातून, निम्मे शब्द गिळलेली. पण चाल सरळ, कुठे डगमग नाही. महिनोन् महिने जिला पाणी म्हणता आलं नव्हतं, ती मागे ओट्यावरून धवला टाकत होती. मार बोलण्याच्या जागेला बसला होता, धवल्याच्या नाही. जगन टेबलाला धरून उभा राहिला. कलावतीला मागे वळून बघायचं होतं, धावत जाऊन त्या म्हातारीचं तोंड दोन्ही हातांत धरायचं होतं. पण धवला मध्येच सोडायचा नसतो. तिने समोरच्या हारावर नजर ठेवली आणि ओळ झेलली.

ही घरातल्या गेलेल्या माणसांची जागा होती. इथे ज्या घरचं लग्न, त्या घरच्या माणसांची नावं घेतात. कॅमेरा परत आला, पडद्यावरची भागीरथीबाई कोपरच्या घरची नावं घेत होती; कलावतीने तिच्याकडे बघणं सोडून दिलं. कारण मागून नाव आलं ते धाकूचं. धाकू म्हणजे भागीरथीबाईचा नवरा, सुहासिनीचा आजा. त्याला नातीच्या लग्नाला ये म्हणून बोलावणं चाललं होतं.

जगनने हळूच विचारलं, प्लेअर बंद करू का? कलावती रडत होती आणि तिला पुढची ओळ झेलायची होती.