एन्झाइमने न कापलेला तुकडा

सुरतेतल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं डीएनए तपासते आहे. आमच्याकडे सर्वांत जास्त नमुने सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचे, येतात. नवापूर, डांगकडचे असतात, तसे शहरातल्याच पांडेसऱ्यातल्या आमच्या खान्देशी घरांतलेही.

माझी थोरली बहीण कोसाडला राहते. दाजी शहराबाहेर पलसाण्याला, कापड रंगवायच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला. त्यांच्या मुलीला सिकलसेल आहे. हाडं दुखायला लागली की सहा वर्षांची ती पोर रडायचीही थांबते, नुसती भिंतीकडे तोंड करून पडते. तपासणीत कळलं होतं की ताई आणि दाजी दोघंही वाहक आहेत. त्यांना स्वतःला काही त्रास नाही, पण प्रत्येक मूल आजारी निघण्याची भीती चारात एक.

मागच्या वर्षी ताईला पुन्हा दिवस गेले. अकराव्या आठवड्यात डॉक्टरांनी वारेचा बारीक तुकडा काढला आणि तो आमच्याकडे आला. हा नमुना सहकाऱ्याकडे द्यायचा, असं मी ठरवलं होतं. पण ताईने माझा हात धरला होता. "तूच कर," एवढंच ती म्हणाली.

दाजींनी एकदा विचारलं होतं, तुम्ही यात बघता तरी काय. मी त्यांना साधं सांगितलं होतं. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. आम्ही वापरतो ते एन्झाइम त्या मजकुरावरून सरकत जातं आणि ठरावीक पाच अक्षरं ओळीने दिसली की तिथेच दोन्ही धागे कापतं. जिवाणू अशी एन्झाइमं बाळगतात ती घुसखोर विषाणूंचा डीएनए तोडायला. आम्ही ती विकत आणतो. सिकलसेलमध्ये त्या पाचांतलं एक अक्षर बदललेलं असतं, म्हणून एन्झाइमला जागा ओळखू येत नाही. ते तसंच पुढे जातं. निरोगी माणसाच्या डीएनएचा तुकडा कापला जातो, आजारी माणसाचा अख्खा राहतो.

"म्हणजे कापलं तर चांगलं," दाजी म्हणाले होते.

हो, म्हटलं.

त्या दिवशी सकाळी मी नमुन्यातून काढलेल्या डीएनएत एन्झाइम घातलं आणि नळ्या शरीराइतक्या उबेत ठेवल्या. शेजारी ताईचा, दाजींचा आणि एक निरोगी नमुना होता. निरोगी म्हणून मी नेहमी माझंच रक्त वापरते. एकाच आईच्या पोटच्या आम्ही दोघी. ते बदललेलं अक्षर ताईकडे गेलं, माझ्याकडे आलं नाही. यात माझी कमाई काही नाही.

मग सगळं जेलच्या पातळ वडीत सोडलं; त्यात अख्खे तुकडे वर राहतात, कापलेले खाली सरकतात. दुपारी ते जेल अतिनील दिव्याखाली धरलं. माझा तुकडा स्वच्छ कापलेला. ताईचा आणि दाजींचा अर्धा कापलेला, अर्धा अख्खा. बाळाच्या रांगेत वर एकच जाड पट्टी, खाली काहीच नाही.

मी स्वतःला समजावलं की एन्झाइम कमी पडलं असेल, नळी नीट ढवळली नसेल. पण त्याच डबीतलं एन्झाइम शेजारच्या नळ्यांत व्यवस्थित चाललं होतं. तरी दुसऱ्या दिवशी नवी डबी उघडून सगळं पुन्हा केलं. दुप्पट वेळ ठेवलं. पट्टी तिथेच होती. नमुना कोणाचा हे न सांगता सहकाऱ्याकडूनही करवून घेतलं. त्याने कागद माझ्यासमोर ठेवला आणि सहज म्हणाला, हे बाळ आजारी आहे.

मी कोसाडला गेले तेव्हा ताई मुलीचे पाय शेकत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि शेकायची पिशवी बाजूला ठेवली. मला सांगावंच लागलं नाही. मग तिने विचारलं, "आते काय करानं?"

आता काय करायचं, ते तुम्ही दोघांनी ठरवायचं, मी म्हटलं. दाजी म्हणाले, मशीन चुकत असेल. मी तपासणी तीनदा झाल्याचं सांगितलं. ते उठून बाहेर गेले. ताईने फक्त मुलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हिचंच दुखणं मला बघवत नाही."

चार दिवसांनी तिने गर्भ पाडून घेतला. मी सोबत होते. येताना रिक्षात ती कडेचा दांडा धरून बसली होती. मी पाठीवर हात ठेवला, तो तिने हळूच काढला.

माय मला म्हणाली की तू तपासलं नसतं तर बाळ निदान जन्माला तरी आलं असतं. तिला काय सांगायचं, की आजार मी केला नाही, मी फक्त वाचला?

आता मुलीला दुखायला लागलं की ताई मला पूर्वीसारखा फोन करत नाही. तिला घेऊन एकटीच बसने सरकारी दवाखान्यात जाते. दाजींकडून मला नंतर कळतं. मी रोज कामावर जाते, दुसऱ्यांचे नमुने लावते. एखाद्या रांगेत वर एकच पट्टी दिसली की अहवालावर सही करते आणि बराच वेळ खुर्चीतून उठत नाही.