पालथा फॉर्म

"आधी माझं सांगते," असं म्हणून ती प्रश्नांचा फॉर्म टेबलावर पालथा घालायची. रेकॉर्डर नंतर सुरू करायची. अशी एखादी सहकारी तुम्हालाही भेटली असेल. भेटली नसेल तर सुखी आहात.

मेलबर्नच्या युनीत, म्हणजे विद्यापीठात, आम्ही दोघी एकाच प्रकल्पावर होतो. रंगामुळे इथल्या दवाखान्यांत आपल्या बायकांचं दुखणं कमी मनावर घेतात का, हे घरोघरी जाऊन विचारायचं. शिक्षण माझं जास्त, इंग्रजी फर्डं. तरी पॉइंट कुक उपनगरातल्या आपल्या बायका मला चहा देऊन म्हणायच्या, "नाही हो, सगळे छान वागतात. नो वरीज." आणि त्याच बायका हिच्यापुढे घळाघळा रडायच्या! जळायचे हो मी. तिच्या त्या कळकट झोळीवरसुद्धा जळायचे.

ती सांगायची एवढंच: "आमच्या गावच्या डॉक्टरांनी माझ्या आईला कधी हात लावला नाही. जात आडवी यायची ना. गोळ्या वरून टाकायचे ओंजळीत. एखादी खाली पडली, तर आई मातीतून उचलून, फुंकर मारून घ्यायची." सांगता सांगता समोरच्या बशीतली चकली उचलायची.

एकदा परतताना, फ्रीवेवर, माझा तोल गेला. "तुझं बरं आहे गं. तुझ्याकडे गोष्ट आहे. आमचं काय, सुखवस्तू घर!"

ती गाडी चालवत होती. समोरच बघत म्हणाली, "हवीये तुला? घे की." मग फ्रीवेवरून उतरताना, "तुझ्याकडेही असेल काहीतरी. शोध ना, बये."



गेल्या महिन्यात तिला कॅनबेराला मोठी नोकरी लागली. निरोपाचा केकही मी तोंडदेखलाच खाल्ला. परवा पॉइंट कुकला, आधी दोघी गेलो होतो अशा एका घरी, एकटी गेले. दार उघडताच त्या घरच्या बाई माझ्या मागे बघायला लागल्या. "त्या ताई नाही आल्या?"

आत जाऊन बसले. फॉर्म पालथा घातला.

"आधी माझं सांगते. माझे आजोबा डॉक्टर होते. काही बायकांच्या ओंजळीत ते गोळ्या वरून टाकायचे. खाली पडलेली गोळी त्या मातीत शोधायच्या. मी सात-आठ वर्षांची. शेजारी उभी राहून हसायचे."

बाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"हे त्या ताईंना सांगितलंत?"

"नाही," मी म्हटलं.