दादाच्या खेपा

मी नृत्यरचना करते. लोकांना सर्वांत जास्त आवडलेली रचना मी कशी केली, ते आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

दादा डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. एकदा ट्रक उलटला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्यात कायमचा आखडला. तो कोरगावला घरी आला, काजूचं बघू लागला. त्या मे महिन्यात मीही घरी होते. नवीन काही सुचत नव्हतं. दादा अंगणातून चालला होता. डावा पाय टेकायचा, हात मांडीवर, मग कमरेच्या झोक्यानं उजवा पुढे. झोक्याआधी तो किंचित थांबायचा. मला ते थांबणं हवं होतं.

मग मी त्याला कामं सांगू लागले. "दादा, पोदेर इलो, पाव घे मरे." "दादा, तांब्या बावडेर ऱ्हवलो." विहिरीवर तांब्या मीच ठेवून आलेली असायचे. तो जायचा, यायचा. मी दारात वही घेऊन मोजत बसायचे.

"तुझे पाय मोडले काय गे?" वहिनी एकदा म्हणालीच.

"ऱ्हवांदे गो," दादानं तिलाच गप्प केलं. "कितक्या दिसांनी घराक इलीसा."

पहिला प्रयोग पणजीला झाला. दादा म्हापशाला बस बदलून आला. रंगमंचावर आठ जण त्याच्यासारखे चालले. टाळ्या थांबेनात. कुणीतरी विचारलं, हे चालणं सुचलं कुठून? "असंच, मनातून," मी म्हटलं. दादा दोन खुर्च्या सोडून बसला होता.

सभागृह रिकामं होत आलं तरी तो उठेना.

"चल ना, दादा."

"सगळ्यांका जाऊंदे."

आत्ताच टाळ्या वाजवलेल्या माणसांसमोरून त्याला चालायचं नव्हतं. शेवटी हसून म्हणाला, "माझो पाय आठ जणांक वाटलंस गे बाय." आणि मग, "तू फुडें हो."

मी पुढे झाले. प्रयोग मात्र थांबवले नाहीत. सहा वर्षं चालले.

तेव्हापासून मी दादाला चालताना पाहिलेलं नाही. मी जाते तेव्हा तो आधीच सोप्यावर खुर्चीत असतो. पाणीसुद्धा वहिनीला आणायला सांगतो. बोलतो, थट्टा करतो, पण उठत नाही.

यंदा चतुर्थीला गेले आणि तांब्याचं सांगून टाकलं. विनाकारण खेपा घालायला लावल्या म्हटलं. तो सुपारी कातरत होता.

"तू माझ्या पायांकडे बघतंस तां माका कळायचां," तो म्हणाला. "माका वाटलां, तुका वायट वाटतां."

 

बसची वेळ झाली. बॅग उचलून मी पायऱ्या उतरले. मी दिसेनाशी झाल्याशिवाय तो खुर्चीतून उठणार नाही, हे ठाऊक होतं. म्हणून भरभर चालले.