बूड टेकलं तो हजर

मोहनजी उसेंडींना जर्मनी पहिल्याच दिवशी पटली. हॅनोव्हरला लेक सुरुचीच्या इमारतीत जिन्यापाशीच नियमांचा फलक होता, हाउसऑर्डनुंग म्हणतात तो. रविवारी खिळा ठोकायचा नाही, दुपारी गालिचा झटकायचा नाही, जिना कोणी कधी झाडायचा तेही ठरलेलं. सुरुचीकडून त्यांनी एकेक कलम समजून घेतलं आणि समाधानानं म्हणाले, "ही माणसं आपल्यातलीच आहेत."

आपल्यातली म्हणजे येरमीटोल्यातली. गडचिरोलीच्या जंगलातलं हे गोंडांचं गाव, आणि मोहनजी तिथल्या ग्रामसभेचे एकमतानं निवडलेले अध्यक्ष. दुसऱ्याला पान खायची तल्लफ यावी तशी त्यांना नियम करायची तल्लफ यायची. गोटुलाची, म्हणजे गावाच्या सभाघराची, भिंत त्यांनी नियमांनी रंगवून काढली होती. आधीचे अध्यक्ष जीपमध्ये बसूनच, इंजिन चालू ठेवून सभा ऐकायचे. मोहनजींनी नियम करून घेतला: बूड जमिनीला टेकलं तो हजर. मग ते अध्यक्ष सभेलाच येईनासे झाले. पुढचा नियम: सलग तीन सभा चुकवणारा अध्यक्ष उतरला; कारण विचारलं जाणार नाही.

त्या नियमानं उतरलेले हे अध्यक्ष म्हणजे प्रताप, मोहनजींचा सख्खा मेहुणा. त्याची आई तेव्हा नागपूरला दवाखान्यात होती. म्हणजे मोहनजींचीच सासू. मोहनजींनी दवाखान्यात सफरचंदं नेली आणि गावात येऊन मेहुण्याला उतरवलं. बायको पुढं कित्येक दिवस त्यांच्याशी बोलत होती ती कोंबड्यांमार्फत. "सांगा गं त्यांना, भात झाला."

तेव्हापासून अध्यक्ष तेच. येरमीटोल्यात मतदान नाही. सगळ्यांचं एक होईपर्यंत बसायचं. एका बाईचं पटलं नाही तर अख्खं गाव बसून. अशी वर्षानुवर्षं बसून मोहनजींची कंबर गेली, झोप गेली, विनोदबुद्धी तर पहिल्या वर्षीच गेली. पद मात्र सोडवेना. आपण नसलो तर बांबू कोवळाच तोडतील, अशी त्यांना खात्री होती.

आणि आता ते हॅनोव्हरला नातीची ढेकर काढत होते. सुरुचीचा पीएचडीचा प्रबंध अडकलेला, जावई म्युनिकला नोकरीत, पाळणाघरात जागा मिळेना. बायकोनं विमानात बसायला साफ नकार दिला होता. "तुम्हीच जा. तिथं तरी सभा नसेल." महिन्याभरासाठी आलेले मोहनजी राहिले ते राहिलेच. दोन सभा चुकल्या. तिसरी या रविवारी, आणि तीत यंदाचा बांबू कोणत्या डोंगरावर तोडायचा ते ठरणार होतं.

"बाबा, व्हिडिओ कॉल करा ना," सुरुची म्हणाली.

"सोफ्यावर बसून? जीपमध्ये अन् सोफ्यात फरक काय?"

म्हणून रविवारी सकाळी, तिकडं दुपार असताना, मोहनजी शहरातल्या मोठ्या जंगलात गेले. बीच वृक्षाखालची ओली पानं बाजूला सारली आणि बूड टेकलं. गारवा थेट मणक्यात चढला. सुरुची बाबागाडी हलवत शेजारी उभी राहिली. फोनवर गोटुल दिसलं. फोन सरलानं धरला होता. गावातली ही पोरगी बारावी झाल्यावर मोहनजींनीच तिला भिंतीजवळ उभं करून सगळे नियम वाचायला शिकवलं होतं.

"राम राम जी," मोहनजी म्हणाले. "बघा, जमिनीवर बसलोय."

सभेत खसखस पिकली. पहिला बोलला तो प्रतापच. "भाऊजी बसले आहेत जी. हजर धरा. लेकीसाठी गेला माणूस, मौजेसाठी नाही."

माना डोलल्या. कोणी म्हणालं, एवढ्या वर्षांचा माणूस आहे. कोणी म्हणालं, थंडीत बसलाय बिचारा. मोहनजींना बरं वाटायला हवं होतं. पण मेहुण्याचा तो मऊ आवाज त्यांना ओल्या मातीपेक्षा जास्त बोचला. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

"माझं पटलं नाही जी," सरला म्हणाली.

झालं. सभा थांबली. म्हाताऱ्यांनी समजावलं, बायांनी दटावलं, "तुला त्यांनीच शिकवलं ना गं?"

"म्हणूनच," सरला म्हणाली.

मोहनजी तापले. "सरला, नात तान्ही आहे! पाळणाघर मिळत नाही इथं! मी काय फिरायला आलो काय?"

बोलता बोलताच त्यांना ऐकू आलं की आपण कारण सांगतोय. अगदी प्रताप सांगायचा तसंच, त्याच रडवेल्या सुरात. प्रताप पलीकडं मान खाली घालून बसला होता.

सरलानं फोन तोंडाजवळ आणला. "काकाजी, तुम्हीच सांगा. काल कोसमडोंगरावरून कोण आलं? बांबू कोवळा आहे की जून, पाहिला का तुम्ही?"

मांडीखालच्या ओल्या पानांनी धोतर भिजलं होतं. कंबर ठणकत होती. वर्षानुवर्षांचा सगळा शीण एकदम खांद्यावर येऊन बसला.

"नाही पाहिला," मोहनजी म्हणाले. "मी तिथं नाही. उतरवा मला." मग जरा थांबून, "प्रताप, तुला उतरवलं तेव्हा नियम बरोबर होता. पण घरी येऊन तुझ्याजवळ बसायला पाहिजे होतं मी."

प्रतापनं नाक शिंकरलं, आणि ते हॅनोव्हरपर्यंत स्वच्छ ऐकू आलं.

आता सगळ्यांचं एक झालं. नवा अध्यक्ष निवडेपर्यंत सरलानं सभा चालवायची ठरलं. मोहनजींना हलकं वाटलं, पण फार वेळ टिकलं नाही.

"मग बांबूचं असं करा," त्यांनी सुरुवात केली, "आधी वरच्या अंगाला—"

"काकाजी," सरला म्हणाली, "तुम्ही आता पाहुणे. पाहुण्यांनी हात वर करायचा, अन् गावाचं बोलून झालं की बोलायचं."

"हा नियम कोणी केला?"

"तुम्ही."

मोहनजींनी हात वर केला. तिकडं डोंगरावरून वाद सुरू झाला होता आणि फोनकडं कोणाचंच लक्ष नव्हतं. हात दुखला तेव्हा त्यांनी दुसरा वर केला.

"बाबा, चला," सुरुची म्हणाली. "गारठाल."

"थांब ना," मोहनजी म्हणाले, "अजून गावाचं बोलून व्हायचंय."