बदलीचं खोकं

आमचे हे रेल्वेत इंजिनिअर. लखनौच्या क्वार्टरमागच्या अंगणात त्यांनी हौसेनं खेळण्यातल्या छोट्या आगगाडीचे रूळ टाकले, आणि स्वतः मात्र आठ-आठ दिवस लाइनवर. मराठीत बोलायला आसपास कुणी नव्हतं, मग बाई, स्टेशन मीच बांधायला घेतलं. दशहरी आंब्याच्या पेटीच्या फळ्या कापल्या, त्या पहिल्याच पावसाळ्यात फुगून वाकल्या. सागवान हवं, आणि प्रमाण सांभाळायचं तर काडीएवढ्या पट्ट्यांत. सुतार हसला, "भाभीजी, माचिस बनाइएगा क्या?"

घरात सागवान एकच होतं. नागपूरहून सामान भरून आणलेलं खोकं, परत जाताना लागेल म्हणून सात वर्षं जपलेलं. दर उन्हाळ्यात मी ते पुसून ठेवायची. त्याही उन्हाळ्यात बदलीची ऑर्डर आली नाही, तेव्हा मी करवत काढली.

हे परतले तोवर फलाटाचं छप्पर उभं होतं. त्यावर हात फिरवून म्हणाले, "अगं, हे तर आपलं खोकं! बदली झाली तर?"

"तुम्हीच सांगा, होणार आहे का?"

ते बूट काढून रुळांशेजारी बसले. मग म्हणाले, "खिडक्यांना अजून पट्ट्या लागतील," आणि उरलेली फळी त्यांनी माझ्यासाठी घट्ट धरली.