तिला आजार म्हणाले

"मुँह खोलो, मासी."

व्यसनमुक्ती केंद्राच्या दारातच तिथल्या मॅडमनी मला अडवलं. वयानं माझ्या मुलीएवढ्या. मी तोंड उघडलं. त्यांनी वाकून वास घेतला आणि लगेच ओढणी नाकाला लावली. मी काहीही प्यालेले नव्हते.

"ठीक है. नीचे बैठो."

आत खुर्च्या रिकाम्या होत्या. तरी मी खाली बसले.

माझ्या मागून एक बाई आली. माझ्याच वयाची. तिच्या आधी तिच्या सेंटचा वास आत आला. तिला कुणी तोंड उघडायला सांगितलं नाही. "आइए भाभी," म्हणत मॅडमनी पंख्याखालची खुर्ची तिच्यासाठी ओढली.

आम्ही दोघी एकाच कोर्टातून आलो होतो.

मी सुरतेत लिंबायतला राहते. मूळची धुळ्याकडची. नवरा कापडाच्या लूमवर होता. पोटलीच्या, पिशवीतल्या गावठी दारूनं गेला. तो गेल्यावर मीही तीच धरली. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणतात. आमच्या गल्लीत पोटली दुधाच्या पिशवीसारखी मिळते. दिवसभर साड्यांचे धागे कापायचे, मान आखडून जायची, पोटली घेतली की झोप लागायची. एकदा भर दुपारी रस्त्यात पडले. उठवायला आलेल्या पोलिसाला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. जज साहेबांनी तुरुंगात नाही टाकलं. समाजसेवा करायची म्हणाले. सकाळी सरकारी दवाखान्याचं आवार झाडायचं आणि दर शनिवारी या केंद्रात उपचाराला यायचं. "बरी हो," असं म्हणाले. मला कुणी असं कधी म्हटलं नव्हतं.

ती कापडाच्या व्यापाऱ्याची बायको. फार्महाऊसच्या पार्टीतून परत येताना रस्त्यात गाडी थांबवून तिनंही तोच तमाशा केला होता. शिव्याही त्याच, फक्त इंग्रजीत. तिला दवाखान्यासमोरच्या बागेत झाडांना पाणी घालायची सेवा मिळाली. पाईप तिचा ड्रायव्हर धरायचा. ती सावलीत बसायची. मी झाडू मारता मारता फाटकातून बघायचे.

गाडीचा हेवा वाटला नाही मला. सोन्याच्या बांगड्यांचाही नाही. त्या गोष्टी बघून बघून डोळे मेलेत. हेवा वाटला तो एका शनिवारी, केंद्रात.

त्या शनिवारी ती रडली. सकाळी उठल्या उठल्या हात कापतात म्हणाली. प्यायल्याशिवाय आरशात बघवत नाही म्हणाली. मॅडम उठल्या, तिच्या शेजारी जाऊन बसल्या. तिचा हात हातात घेतला. "ये बीमारी है भाभी, आपकी गलती नहीं," म्हणाल्या. किती तरी वेळ हात धरून होत्या.

माझेही हात कापतात. कात्री धरता येत नाही सकाळी. आठवडाभर आधी मी हेच सांगितलं होतं. तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "लत है मासी. मन पक्का करो, बच्चों का सोचो."

तिला आजार. मला लत. तिला हात. मला उपदेश.

मी तिच्या त्या रडण्यावर जळले. खरं सांगते, तिचं तोंड ओरबाडावंसं वाटलं. त्या संध्याकाळी मला दारू हवी होती ती दुःखानं नाही. जळून.

माझ्या शेजारी आमच्या जवळच्या गोडादऱ्याचा एक लूमवाला बसायचा. त्याला माझीच शिक्षा. आमच्या धुळ्याकडचाच माणूस. तास अर्धा झाला की मॅडम आम्हा दोघांना उठवायच्या. त्यानं अंगण झाडायचं, मी चहाचे कप धुवायचे. तुम्हाला सेवेचीच शिक्षा आहे ना, मग इथंही करा, म्हणायच्या. आणि आत मुख्य बोलणं तेव्हाच सुरू व्हायचं. घरी तल्लफ आली तर काय करायचं, कुठल्या गोळ्या मिळतात, कुणाला फोन करायचा. मी मोरीवर उभी राहून कान लावायचे. नळाच्या आवाजात अर्धं ऐकू यायचं.

एका शनिवारी मॅडम म्हणाल्या, "मासी, कप."

मी उठले. मोरीकडे गेले नाही. तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. तिनं पर्स मांडीवर ओढून घेतली.

"क्या हुआ?" मॅडम म्हणाल्या. "पी के आई हो?"

"घ्या वास," मी मराठीतच म्हणाले. "घ्या. पण मग यांचाही घ्या. सगळ्यांचा घ्या. जज साहेबांनी मला इथं बरी व्हायला पाठवलंय. कप धुवायला नाही."

मी लूमवाल्याला म्हणाले, "भाऊ, ये, खुर्चीवर बैस."

त्यानं मान हलवली. "माले लाज वाटस," म्हणाला, आणि झाडू घेऊन बाहेर गेला.

मॅडमनी माझी तक्रार केली. शिक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या कोर्टाच्या साहेबांनी बोलावून घेतलं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गुपचूप शिक्षा पुरी कर ना, बाई." मी म्हणाले, "उपचार हीच शिक्षा आहे. ती मला मिळत नाही." साहेबांनी माझी फाईल मिटली आणि पुढच्याला आत बोलावलं.

अजून मी जाते. खुर्चीवरच बसते. माझा हात अजून कुणी धरलेला नाही. मॅडम माझ्याकडे बघून बोलत नाहीत, पण आता सगळं ऐकू येतं. कोणती गोळी, हे मी तोंडावर विचारलं. चिडून का होईना, त्यांना सांगावं लागलं. लूमवाला यायचा थांबला. त्याच्या घरी जाऊन मी ते सगळं त्याला सांगून आले.

हेवा गेलेला नाही. तिला बघितलं की अजून आत पेटतं. ते विझवायला मी पोटली घेणार नाही. माझ्यासारखी बाई नशेत पडलेली असली की यांचं काम सोपं होतं, तिचं ऐकावंच लागत नाही. मी शुद्धीवर राहणार. चांगली बाई म्हणवून घ्यायला नाही. तिला जे न मागता मिळतं ते मला मागायचंय. नाही दिलं तर पुन्हा मागायचंय, जीभ न अडखळता.